राणी कोण, ते ओळखता येत नाही

गेल्या अंकात माझ्या खिडकीच्या चौकटीवरच्या गांधीलमाश्यांच्या घरट्याचा ओझरता उल्लेख केला होता. या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी त्या घरट्याबद्दलचीच निघाली. उरलेली माणसांबद्दलची आहेत. बारकाईने वाचली तर सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: जीव एकमेकांना धरून का राहतात, आणि त्यात कोणाच्या पदरात काय पडतं? बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, पण या प्रश्नाने काही निवृत्ती घेतली नाही. एखाद्या पत्रावर रेंगाळेन, एखादं दोन ओळींत वाटेला लावेन. रुसू नका.

प्रश्न : माझा मुलगा जीवशास्त्र शिकतो. परवा म्हणाला, "आईची माया म्हणजे जनुकांनी स्वतःच्या प्रती टिकवायला केलेली सोय आहे." मी हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं. हे खरं आहे का?

मुलाचं गणित बरोबर आहे. त्यावरून त्याने जो सूर लावलाय, तो मात्र चुकलाय.

गणित कुठून आलं ते आधी सांगते. विल्यम हॅमिल्टन नावाच्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली दोन जोडलेख लिहिले. तेव्हा तो तिशीही न गाठलेला विद्यार्थी होता. त्याचा नियम एका ओळीत मावतो. मदतीमुळे समोरच्याचा जो फायदा होतो, त्याला दोघांमधल्या नात्याच्या जवळिकीने, म्हणजे सामाईक जनुकांच्या वाट्याने, गुणायचं. हा गुणाकार मदत करणाऱ्याला पडलेल्या भुर्दंडापेक्षा मोठा असेल, तर तसं वागण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. फायदा आणि भुर्दंड दोन्ही मोजायचे ते वाढलेल्या किंवा हुकलेल्या संततीत. सख्ख्या भावंडांत नातं निम्मं, चुलत भावंडांत एक-अष्टमांश. त्याआधीच जे. बी. एस. हाल्डेन हे जीवशास्त्रज्ञ गमतीने म्हणत, असं सांगतात, की मी जीव देईन तो दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. पॉल शर्मन यांनी कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ कुरणांत बिळं करून राहणाऱ्या खारींचा अभ्यास केला आणि तो १९७७ साली छापून आला. शिकारी जनावर दिसलं की एखादी खार उभी राहून ओरडते. बाकीच्या पळतात, पण ओरडणारी शिकाऱ्याच्या नजरेत भरते. मग ओरडतं कोण? या खारींत नर मोठे झाले की जन्मस्थळ सोडून लांब जातात, माद्या आया-बहिणींच्या शेजारी बिळं करतात. ओरडण्यात माद्याच पुढे असतात, आणि त्यातही जिची आई, बहीण किंवा मुलगी आसपास जिवंत आहे ती जास्त.

आता मुद्दा असा, की खारीला अपूर्णांक येत नाहीत. तिला कोल्हा दिसतो, छातीत धडधडतं आणि घशातून आवाज निघतो. निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये हेच शिस्तीत मांडलं. प्राणी असं का वागतो, या एका वाक्यात चार प्रश्न दडलेले असतात: आत्ता शरीरात काय घडतंय, हे वागणं आयुष्यात कसकसं घडत गेलं, त्याचा तगून राहण्याला काय उपयोग, आणि पूर्वजांकडून ते कसं आलं. एकाचं उत्तर दुसऱ्याला खोडत नाही. भूक लागण्याची सोय शरीर टिकावं म्हणून झाली, हे कळल्यावर तुमच्या मुलाची भूक खोटी ठरते का? जेवायला बसताना तरी त्याला तसं वाटत नसावं!

शिवाय माया जनुकं तपासून पाहत नाही. तशी काही तपासणी प्राण्यांजवळ बहुधा नसतेच. 'जे माझ्या घरट्यात, ते माझं' असल्या ढोबळ खुणांवर काम चालतं, म्हणून तर कावळा कोकिळेचं पिल्लू भरवत बसतो. माणसांतही भावंडपणाची एक खूण म्हणजे लहानपणीचा सहवास. इस्रायलच्या किब्बुत्झ वसाहतींत एकाच पाळणाघरात वाढलेली, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली मुलं पुढे आपसात लग्न जवळजवळ करत नसत. दत्तक मुलावरची मायाही म्हणूनच खऱ्या मायेइतकी खरी असते. नव्हे, ती खरी मायाच असते. नियमाने यंत्र घडवलं, पण यंत्र चालतं ते स्वतःच्या चालीने.

एक टीप मुलासाठी. पुढच्या वादात तो ऑक्सिटोसिन हे संप्रेरक काढणार, हे मी लिहून देते. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी आयुष्यभराची जोडी जमवतात, डोंगरातले त्यांचे भाऊबंद जमवत नाहीत, आणि दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन पकडणारे ग्राही वेगवेगळ्या जागी दाटलेले असतात. एवढ्यावरून 'प्रेमाचं रसायन' हा शब्द वर्तमानपत्रांत शिरला. मग २०२३ मध्ये संशोधकांनी जनुकसंपादन करून ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले व्होल जन्माला घातले. त्यांनीही रीतसर जोड्या जमवल्या. तेव्हा रसायनाच्या बाटलीवर 'प्रेम' अशी चिठ्ठी इतक्यात लावू नकोस म्हणावं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कामकरी मधमाशीचं स्वतःच्या मुलीशी नातं १/२ आणि सख्ख्या बहिणीशी ३/४ असतं, म्हणून ती अंडी न घालता बहिणी वाढवते, असं वाचलं. मग वाळवीचं काय? वाळवीत तर हे गणित लागू होत नाही ना?

तुझं पत्र वाचून मला थोडी लाज वाटली. हा ३/४ चा हिशेब मी किती वर्षं फळ्यावर ऐटीत मांडला! मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यात नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि त्याच्या सगळ्या मुलींना तोच संच जसाच्या तसा मिळतो. म्हणून सख्ख्या बहिणी एकमेकींना एवढ्या जवळच्या. हिशेब इतका देखणा, की वर्गात टाळी पडायची आणि मी डस्टर ठेवून बाहेर पडायचे.

तू मात्र नेमकं भोकावर बोट ठेवलंस. वाळवीचे नर आणि माद्या दोघेही आपल्यासारखेच दोन संचांचे, आणि तिथे कामकऱ्यांत नरही असतात. तरी त्यांचं राज्य मुंग्यांइतकंच शिस्तीचं. आफ्रिकेत जमिनीखाली बोगदे करून राहणारा एक बिनकेसाचा, सुरकुतलेला उंदीर आहे, नेकेड मोल रॅट. एकच राणी पिल्लं घालते आणि बाकीचे राबतात, हे जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये दाखवलं. तो तर आपल्यासारखाच सस्तन प्राणी. आणखी दोन भोकं मी स्वतःच दाखवते. कामकरी माशीचं भावाशी नातं १/४ च असतं, म्हणजे भाऊबहिणी सारख्याच वाढवल्या तर सरासरी पुन्हा १/२ वर येते. आणि मधमाश्यांची राणी एका नराशी नव्हे, दहा-वीस नरांशी मीलन करते. पोळ्यातल्या बहुतेक 'बहिणी' सावत्र असतात.

मग काय उरतं? इथे माझी खिडकी येते.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात लाकडाच्या चघळलेल्या लगद्याचं, कागदासारखं घरटं आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माशी ओळखून दिली: रोपॅलिडिया मार्जिनाटा. हिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशकं काम केलंय. मी त्यांच्यापुढे हौशी. पहाटे माश्या गारठून सुस्त असताना बारीक कुंचल्याने त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले, वही घातली आणि रोज तासभर बसू लागले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याला डंख बसला. चूक माझीच, उन्हं वर आल्यावर कुंचला हातात घेतला होता.

या माशीची गंमत अशी, की राणी आणि कामकरी दिसायला अगदी सारख्या. कोणतीही मादी घरटं सोडून स्वतःचा संसार थाटू शकते, काही थाटतातही. आणि घरट्यातलं नातं ३/४ च्या जवळपासही नसतं, कारण राणी अनेक नरांशी मीलन करते आणि राण्याही बदलत राहतात. एखादी कामकरी कधी चुलत बहिणी वाढवत असते, कधी त्याहून लांबच्या नात्यातल्या. तरी ती राहते.

गदगकरांनी यावर जे उत्तर मांडलं ते मला ३/४ पेक्षा जास्त पटतं, कारण त्याला मरण ठाऊक आहे. अंड्यापासून माशी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. एकटीने घरटं बांधलं आणि ती मध्येच मेली, पाखराने टिपली, पावसात सापडली, तर केलेलं सगळं मातीत. अर्धवट वाढलेल्या अळीची किंमत शून्य. उलट भरल्या घरट्यात पंधरा दिवस राबून मेली, तरी तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या दुसऱ्या माश्या पूर्ण करतात. तिचं काम बुडत नाही. हॅमिल्टनच्या नियमात आपण सगळे नात्याच्या अपूर्णांकाकडे पाहत बसलो. फायदा आणि भुर्दंड हे दोन आकडेही तितकेच महत्त्वाचे होते. नियम तोच आहे, आमचीच नजर एका आकड्यावर खिळली होती. वाळवीला, उंदराला आणि माझ्या खिडकीला तो सारखाच लागू पडतो. जमलं तर एखादं घरटं शोध. लांबून पाहा.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितलं, की लांडग्यांच्या कळपात एक 'अल्फा' असतो आणि नेत्याने तसं बनलं पाहिजे. खरंच तसं असतं का?

नाही. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासातून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे बंदिस्त आवारात एकत्र ठेवलेले होते. कोंडलं की भांडणं होणारच. पुढे डेव्हिड मेक यांनी आपल्या पुस्तकातून तोच शब्द लोकप्रिय केला. मग ते कित्येक उन्हाळे रानातल्या लांडग्यांमागे फिरले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ज्याला 'अल्फा' म्हणतात तो बहुतेकदा बाप असतो, आणि त्याचं 'वर्चस्व' म्हणजे लेकरांनी त्याचं ऐकणं. आपलीच चूक जाहीरपणे दुरुस्त करणारा शास्त्रज्ञ विरळा, म्हणून मेक मला प्रिय.

तुमच्या प्रशिक्षकाला लांडगा देता येणार नसेल तर माझी गांधीलमाशी देऊ का? तिच्या घरट्यात सगळ्यांत दांडगट माशी राणी नसते. राणी शांत बसून असते, फारशी कोणाच्या वाटेला जात नाही. तिचं राणीपण तिच्या शरीरातल्या एका ग्रंथीच्या गंधद्रव्यातून बाकीच्यांना कळतं. ही गोष्ट प्रशिक्षणात कशी बसवायची, ते मात्र मला विचारू नका.

प्रश्न : अडीअडचणीला मी मित्रांसाठी धावतो, पण माझ्या वेळेला कोणी येत नाही. निसर्गात असल्या फुकट्यांचं काय होतं?

रक्त पिणाऱ्या वटवाघळांची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत राहणारी ही वटवाघळं रोज रात्री जनावराचं रक्त मिळालं तरच जगतात. लागोपाठ दोन-तीन रात्री उपास पडला की संपली. जेरल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली कोस्टा रिकातल्या निरीक्षणांवरून दाखवलं, की पोट भरून आलेली वटवाघळं उपाशी सोबतिणीला स्वतःच्या पोटातलं रक्त उलटून पाजतात. नात्यातलीला तर पाजतातच, पण नुसत्या ओळखीतलीलाही. पुढे जेरल्ड कार्टर यांनी विल्किन्सन यांच्याबरोबर पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांवर प्रयोग केले. कोण कोणाला पाजेल हे ठरवण्यात नात्यापेक्षा 'हिने मला आधी पाजलं होतं का' याचं वजन जास्त निघालं. हे १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलेल्या देवघेवीच्या तत्त्वाशी जुळतं.

पण तुम्हाला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. अनोळखी वटवाघळं एकत्र आणली तर ती एकदम रक्त देत नाहीत. आधी एकमेकींचं अंग चाटून साफ करतात, म्हणजे स्वस्तातली मदत. ती दोन्हीकडून चालू राहिली तर काही जोड्या पुढे रक्तापर्यंत पोहोचतात. तुमचं पत्र वाचून वाटलं, की तुम्ही पहिल्याच भेटीत रक्त देता. दुसरी गोष्ट: नात्याबाहेरच्या पुष्कळजणींशी ज्यांनी आधीपासून संबंध जोडून ठेवले होते, त्या माद्यांना नेहमीची देणारी बाजूला काढल्यावर कमी फटका बसला.

आणि फुकटे? ते सगळीकडे असतात, नामशेष होत नाहीत. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर डावपेचांच्या स्पर्धा भरवल्या, तेव्हा दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा डाव जिंकला: आधी चांगलं वागा, मग समोरचा जसा वागेल तसं. मात्र पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की गैरसमजांना जागा असेल तर अधूनमधून माफ करणारा डाव जास्त चालतो. नाहीतर एका चुकीवरून दोन भले जीव आयुष्यभर उट्टी काढत बसतात. तुमचे मित्र फुकटे आहेत की गैरसमजातले, हे मला इथून कळणार नाही.

प्रश्न : लेमिंग कळपाच्या भल्यासाठी सामुदायिक आत्महत्या करतात ना?

करत नाहीत. लेमिंग म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशांतले उंदरासारखे प्राणी. स्थलांतरात काही बुडतात, एवढंच. १९५८ सालच्या एका माहितीपटात दिसलेलं कड्यावरून उड्या घेण्याचं दृश्य जमवून आणलेलं होतं. आणि 'कळपासाठी' मरणारे लेमिंग असते, तर न मरता मागे थांबणाऱ्या एकाच आपमतलबी लेमिंगच्या वंशजांनी दोन-चार पिढ्यांत कळप भरून टाकला असता.

प्रश्न : पुरुषांची आक्रमकता उत्क्रांतीतूनच आलेली आहे, तेव्हा ती बदलायचा आटापिटा करण्यात अर्थ नाही, असं माझे एक स्नेही ठासून सांगतात. तुमचं मत?

या वाक्यातला 'तेव्हा' हा शब्द मला छळतो.

पहिला अर्धा भाग मी सरसकट नाकारणार नाही. धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो आणि आधीच्या नराची दूधपिती पिल्लं मारतो. पुष्कळांना वाटलं, ही गर्दीमुळे आलेली विकृती असेल. सत्तरच्या दशकात सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास करून वेगळं सांगितलं: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. क्रूर, पण त्यात हिशेब आहे. मात्र हर्डी तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी माद्यांकडेही पाहिलं. माद्या एकजुटीने हल्लेखोराला अडवतात, बाहेरच्या नरांशीही मीलन करून पिल्लाचा बाप कोण याचा घोळ घालून ठेवतात. तुमच्या स्नेह्यांनी गोष्टीचा नेमका अर्धा भाग वाचलाय. उत्क्रांतीतून आलेलं म्हणायचं तर माद्यांचा प्रतिकारही तिथूनच आलाय.

आता 'तेव्हा'कडे वळू. केनियात रॉबर्ट सापोल्स्की वर्षानुवर्षं बबूनच्या एका टोळीचा अभ्यास करत होते. बबून म्हणजे दांडगाईसाठी बदनाम माकड. १९८० च्या दशकात त्या टोळीतले सर्वांत भांडखोर नर शेजारच्या टोळीशी झुंजून एका पर्यटक निवासाच्या कचऱ्यावर ताव मारायला जाऊ लागले. त्या कचऱ्यात क्षयाने दूषित मांस होतं. जे तिथे गेले ते मेले. टोळीतले जवळजवळ निम्मे प्रौढ नर संपले, आणि संपले ते आक्रमकच. उरले मवाळ नर आणि माद्या. टोळीचा सूर बदलला. वरखाली दर्जा राहिला, पण खालच्यांना छळणं कमी झालं, एकमेकांचं अंग साफ करणं वाढलं.

खरी गोष्ट याच्या पुढची. बबूनचे नर वयात आले की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातात. दहा वर्षांनी त्या टोळीत जुन्या नरांपैकी एकही नव्हता. सगळे बाहेरून आलेले, नेहमीसारख्या दांडगट टोळ्यांत वाढलेले. तरीही टोळीची रीत मवाळच राहिली होती. नवा नर येई आणि इथे असं चालत नाही, हे काही महिन्यांत त्याच्या अंगवळणी पडे. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे २००४ मध्ये छापलं. बहुधा माद्या नव्या नरांशी सुरुवातीपासूनच सैलपणाने वागत, त्याचा यात हात असावा, असा त्यांचा अंदाज आहे. जनुकं बबूनचीच राहिली आणि वागणं पालटलं.

या विषयावर माणसं तापतात, याचं मला नवल वाटत नाही. मुंग्यांचे मोठे जाणकार ई. ओ. विल्सन यांनी १९७५ साली प्राण्यांच्या सामाजिक वागण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि शेवटच्या प्रकरणात माणसालाही त्यात ओढलं. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत निदर्शकांनी व्यासपीठावर त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. पाणी ओतणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण 'तेव्हा' म्हणणारे स्नेही प्रत्येक पिढीत असतात. पण भिजवलं चुकीच्या माणसाला.

प्रश्न : खिडकीतल्या घरट्याचं पुढे काय झालं?

राणी गेली. तिच्या पाठीवर पांढरा ठिपका होता. एका सकाळी ती दिसली नाही, दुपारीही नाही. नंतर ती कधीच दिसली नाही.

या जातीत राणी गेली की कामकऱ्यांपैकी एक माशी वारस म्हणून पुढे येते, हे मी वाचलेलं होतं, आणि ती कोण असणार हे मला ठाऊक आहे असा माझा पक्का समज होता. पिवळा ठिपका. घरट्यातली सगळ्यांत खाष्ट माशी, दिवसभर इतरांच्या मागे लागणारी. वहीची पानंच्या पानं तिने व्यापली होती. मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

त्या दिवशी घरट्यावर थैमान घातलं ते निळ्या ठिपक्याने. ती प्रत्येकीच्या अंगावर धावून जात होती, चावत होती, आणि एकीनेही तिला उलट उत्तर दिलं नाही. पिवळीनेसुद्धा नाही. वारस कोण हे त्या सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. पुढच्या काही दिवसांत निळीचा जोर हळूहळू ओसरला. आठवड्याभराने ती एका रिकाम्या कोठडीत पोट घालून निश्चल बसलेली दिसली.

मी वही उलटून मागे गेले. त्याआधीच्या दोन महिन्यांत निळीच्या नावावर एवढीच नोंद होती: 'काही विशेष नाही.'